पेटी येते, सरगम येते. आता हार्मनी कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळ राहणारा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. भजनाला पेटीची साथ करतो, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झाली आहे आणि दोन वर्षांनी पाश्चात्त्य संगीताच्या पदवीला जायचं ठरवलं आहे. हार्मनीचं, म्हणजे अनेक स्वर एकाच वेळी जुळवण्याच्या शास्त्राचं, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, नियम पाठ केले. पण स्वाध्याय सोडवायला घेतला की चुकतो, आणि कधी बरोबर आला तरी तो बरोबर का आहे हे कळत नाही. विचारलं आहे की स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत) शिकायलाच हवं का, सरगमवर भागेल का, जवळपास शिक्षक नसताना हे जमेल का आणि किती काळ लागेल.

आधी खरी अडचण कुठे आहे ते पाहू. तुमचा कान वर्षानुवर्षं एकाच ओळीवर तयार झालाय. खाली षड्ज-पंचम धरलेला, वर एक गळा आणि त्या गळ्याच्या मागोमाग पेटी. कोमल गंधार जरा चढा लागला तर तुम्हाला लगेच खटकतं. पण एकाच वेळी चार गळे चार वाटांनी निघालेत आणि त्यातला तिसरा आत्ता कुठे वळला, हे ऐकण्याची या कानाला सवय नाही. हार्मनीच्या पुस्तकातले बहुतेक नियम या चार वाटांबद्दलच असतात. पुस्तक मात्र ते कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटाच्या, भाषेत सांगतं, त्यामुळे वाचणाऱ्याची समजूत होते की कॉर्ड हे तयार ठोकळे आहेत आणि ते नुसते एकापुढे एक मांडायचे. तसं मांडलं की स्वाध्याय हमखास फसतो. म्हणून पुढे जे काही सांगतोय ते सगळं एका सवयीवर उभं आहे: कागदावर जी ओळ लिहाल ती वाजवण्याआधी गाऊन बघायची. चारही ओळी, एकेक करून.

वेळेचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन्ही हात वेगवेगळे चालत असतील, रोज तासभर मिळत असेल आणि पंधरा दिवसांतून एकदा कुणी वही तपासून देत असेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षाची हार्मनी वर्ष-दीड वर्षात हातात येते. वही तपासणारं कुणीच नसेल तर जास्त लागतो, कारण लिहिणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसायला उशीर होतो. आठवड्यातून एकदा पाच तास बसण्यापेक्षा रोजची पंचेचाळीस मिनिटं जास्त कामाची. यात कान घडवायचा आहे आणि कान एका बैठकीत घडत नाही, हे रियाज करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

स्टाफ नोटेशन शिकायला हवं. सरगम सोडायची मात्र नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. स्टाफवर चार ओळी एकाखाली एक दिसतात, कोणती वर चढली, कोणती उतरली, कोणत्या दोन एकमेकींना चिकटून चालल्यात हे डोळ्याला एका नजरेत कळतं. सरगममध्ये लिहिलेल्या चार ओळींत ते दिसत नाही. शिवाय परीक्षा स्टाफवरच होते. सरगमचं बळ निराळं आहे. ती प्रत्येक स्वराचं सा-शी नातं सांगते, आणि हार्मनीत ऐकायचं असतं ते हेच नातं. म्हणून डोळ्याने स्टाफ वाचा आणि तोंडाने सरगम म्हणा. मधला सी, म्हणजे पेटीवर मध्य सप्तकातली पांढरी एक, ट्रेबल क्लेफच्या (उंच स्वरांच्या पाच रेघांच्या) खालच्या जादा रेघेवर असतो आणि बेस क्लेफच्या (खालच्या स्वरांच्या पाच रेघांच्या) वरच्या जादा रेघेवरही तोच असतो. इथून दोन्ही बाजूंना रोज आठ मापं (दोन उभ्या रेघांमधले तालाचे भाग) वाचा. बेस क्लेफचा कंटाळा करू नका. पेटीवाल्यांचं नेमकं तेच कच्चं राहतं आणि हार्मनीचा पाया तर बेसमध्येच असतो.

एक गोष्ट शिक्षकाला पहिल्याच दिवशी विचारून घ्या. डो-रे-मी या पाश्चात्त्य स्वरनावांत काही परंपरांत डो म्हणजे कायम सी, काहींत डो सा-सारखा फिरता. तुम्हाला फिरता सोयीचा. शिक्षक स्थिर डो वापरत असतील तर वर्गात त्यांच्या पद्धतीने म्हणा आणि घरी सरगममध्ये म्हणा, पण एकाच बैठकीत दोन्ही मिसळू नका.

स्केल पाठ करायला तक्ता लागत नाही, षड्ज-पंचम भाव पुरतो. मेजर स्केल म्हणजे बिलावल थाट. पांढरी एकवर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या बिलावल देतात. आता पंचमाला, म्हणजे पांढरी पाचला, सा माना. जुना म आता नव्या सा-चा कोमल नि झाला. बिलावल हवा तर तो शुद्ध करावा लागेल, म्हणजे एक पट्टी चढवावी लागेल: एफचा एफ शार्प. झाली जी मेजरची खूण, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला लिहायचे शार्प-फ्लॅट. पुन्हा पंचमाला सा केलं की आणखी एक शार्प. उलटीकडे मध्यमाला सा केलं तर जुना नि नव्या सा-चा तीव्र म होतो, तो उतरवावा लागतो: बीचा बी फ्लॅट. या दोन हालचालींतून पंधराच्या पंधरा खुणा निघतात. पेटीवर सात शार्पपर्यंत जाऊन बघा, एकदा हातून गेलं की विसरत नाही.

स्वरांतर मोजताना पेटीवाल्यांचा गोंधळ होतो तो पट्टीचं नाव आणि स्वराचं नाव एक मानल्यामुळे. सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. पांढरी एक ते काळी दोन हे तीन सेमीटोन. पण ती काळी दोन कुठे ई फ्लॅट असते, कुठे डी शार्प. भैरव घ्या. कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यात तीन सेमीटोन आहेत, तेवढेच जेवढे सा आणि कोमल ग यांच्यात. तरी भैरवातल्या त्या जोडीला आपण ‘रे आणि त्याच्या लगतचा ग’ असंच म्हणतो, मध्ये एक स्वर गाळलाय असं मानत नाही. पाश्चात्त्य शास्त्रही तेच करतं: डी फ्लॅट ते ई हे वाढवलेलं दुसरं, सी ते ई फ्लॅट हे मायनर तिसरं. आधी अक्षरं मोजायची, मग सेमीटोन. हा क्रम उलटला की पुढे कॉर्डची नावं चुकत जातात आणि चूक कुठून सुरू झाली ते सापडत नाही.

आता कॉर्ड. बिलावलातल्या प्रत्येक स्वरावर एक सोडून एक असे तीन स्वर घ्या. सा ग प, म ध सा आणि प नि रे हे तीन मेजर, म्हणजे खालच्या दोन स्वरांत चार सेमीटोन. रे म ध, ग प नि आणि ध सा ग हे तीन मायनर, तिथे तीनच. उरला नि रे म, तो डिमिनिश्ड, कारण नि ते म पंचम पूर्ण भरत नाही, एक सेमीटोन कमी पडतो. पुस्तकात त्यांना रोमन आकडे दिलेले असतात; इथे पहिला, दुसरा असं म्हणू. सात कॉर्ड सात निरनिराळी कामं करत नाहीत. कामं तीनच. पहिला आणि बहुतेक वेळा सहावा म्हणजे मुक्काम. चौथा आणि दुसरा म्हणजे मुक्कामावरून निघणं. पाचवा आणि सातवा म्हणजे परत ओढणं. तिसरा कमी वापरात असतो, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

ही ओढ कुठून येते ते हाताने तपासण्यासारखं आहे. पाचव्या कॉर्डवर आणखी एक स्वर चढवा: प नि रे म. यातले फक्त नि आणि म एकदम दाबा. सहा सेमीटोनांचं अंतर, कानाला टोचणारं. आता नि-ला सां-वर न्या आणि म-ला ग-वर उतरवा. दोन्ही बोटं जेमतेम एकेक पट्टी सरकली आणि टोचणी गेली. नि वर जातो, म खाली येतो, हे त्या दोन स्वरांचं वळण आहे आणि पुढचे निम्मे नियम त्यातून निघतात. नि-ला दोन आवाजांत वाटून देऊ नका असं पुस्तक का म्हणतं? कारण दोघांनाही सां-वरच जायचं असतं आणि मग दोघांची वाट एकच होते.

साधनाबद्दल. हातपेटीवर एक हात भात्यात अडकतो, त्यामुळे चार आवाज वाजत नाहीत. दशावतारात असते तशी पायपेटी मिळत असेल तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. नाहीतर एकसष्ट पट्ट्यांचा साधा कीबोर्ड पुरे. त्यातली आपोआप साथ देणारी स्टाईलची सोय बंद ठेवा आणि ट्रान्सपोजचं बटण शून्यावर असू द्या. ट्रान्सपोज वापरलात तर डोळ्याला एक स्वर दिसेल, कानाला दुसरा ऐकू येईल आणि स्टाफचं वाचन पक्कं होणार नाही. कोकणातल्या पावसाळ्यात पेटीचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आतल्या धातूच्या सुरांवर गंज धरून ते हलतात. एकेक स्वर वाजवताना ते फारसं जाणवत नाही, पण तीन स्वर एकदम दाबले की बेसूर कॉर्ड ऐकू येतो आणि कान तोच खरा धरून बसतो. जून ते सप्टेंबर कॉर्डचं काम कीबोर्डवर करा.

तंबोऱ्याशी गाणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकते आणि ती खटकणं रास्तच आहे. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध ग सा-पासून साधारण ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनाचा शंभरावा भाग) असतो, कीबोर्डचा ग ४०० वर. चौदा सेंटचा फरक तयार कानाला कळतो. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, तो लक्षात येत नाही. म्हणून कीबोर्डवरचा सा ग प जरा ताठ वाटतो. चांगला कॉयर (गायकवृंद) वाद्याशिवाय गाताना तो ग आपोआप खाली घेतो. तेव्हा कीबोर्डला जमिनीच्या खुणेसारखं वापरा; कॉर्डचा खरा गोडवा गळ्यांतून ऐका.

आता मुख्य भाग, चार आवाजांचं लेखन. वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. पांढरी एक सा धरली तर सोप्रानो मध्य सा ते तार प, आल्टो मंद्र प ते तार सा, टेनर मंद्र सा ते मध्य प, बेस अतिमंद्र ग ते मध्य सा. वरच्या तीन आवाजांत शेजारच्या दोघांत सप्तकापेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही. टेनर आणि बेसमध्ये चालतं. तीन स्वरांचा कॉर्ड आणि आवाज चार, म्हणजे एक स्वर दोनदा येणार. कॉर्ड मूळ स्थितीत असेल, म्हणजे तो ज्या स्वरावर उभा आहे तोच बेसमध्ये असेल, तर तो मूळ स्वरच दोनदा घ्या.

पहिला, चौथा, पाचवा, पहिला अशी चाल घेऊ. बेस, सगळा मंद्रात: सा, म, प, सा. टेनर, हाही मंद्रात: प, ध, प, प. आल्टो, मध्य सप्तकात: ग, म, रे, ग. सोप्रानो: तार सा, पुन्हा तार सा, मध्य नि, तार सा. आधी चारही ओळी स्वतंत्र गा. टेनर जवळपास जागचा हलत नाही. सोप्रानो नुसता खाली वाकून परत येतो. आल्टोला तेवढी थोडी हालचाल आहे. कुठलाही गळा अवघडत नाही. मग दोन्ही हातांनी वाजवा: डाव्या हातात बेस आणि टेनर, उजव्यात आल्टो आणि सोप्रानो.

आता चालीच्या मधल्या दोन कॉर्डांत, म्हणजे चौथ्यावरून पाचव्यावर जाताना, काय झालं ते जवळून बघा. बेस म वरून प-वर चढला. नेमक्या त्याच क्षणी वरचे तिघेही उतरले: ध चा प, म चा रे, सा चा नि. नवशिका इथे काय करतो? चौथा कॉर्ड पाचव्याच्या शेजारी दिसतो म्हणून हात तसाच उचलून एक घर पुढे ठेवतो. बेस म-प, टेनर ध-नि, आल्टो म-प, सोप्रानो सा-रे. वाजवलं तर फार वाईट लागत नाही, म्हणून चूक पटत नाही. पण बेस आणि आल्टो सप्तकाच्या अंतराने एकच हालचाल करतायत आणि बेस-सोप्रानो पंचमाच्या अंतराने एकत्र सरकतायत. सप्तक आणि पंचम ही इतकी मिळून जाणारी अंतरं आहेत की त्या अंतराने सोबत चाललेले दोन आवाज कानाला एकच वाटू लागतात. चार आवाज मागितले होते, ऐकू आले दोन किंवा तीन. समांतर पंचम आणि समांतर सप्तक टाळा या नियमाचं कारण एवढंच आहे. ही चूक सौंदर्याचा कुठला सार्वकालिक कायदा मोडत नाही. गिटारवर रॉक वाजवणारे दिवसभर समांतर पंचम वाजवतात आणि तिथे ते शोभतात, कारण तिथे एकच जाड आवाज हवा असतो. चार स्वतंत्र गळ्यांचं लेखन शिकताना मात्र तो दोषच.

म्हणून लिहिण्याचा क्रम असा ठेवा. आधी बेस पूर्ण लिहा. मग सोप्रानो, दोघांची दिशा शक्य तिथे उलटी. या दोनच ओळी वाजवून बघा; त्या कानाला पटल्या नाहीत तर मधले आवाज कितीही नीट बसवा, उपयोग नाही. मग मधले दोन भरा: जो स्वर दोन्ही कॉर्डमध्ये समान आहे तो त्याच आवाजात धरून ठेवा, बाकीचे जवळच्या जवळ सरकवा. कॉर्ड उभा भरत गेलात, चारही आवाज एका कॉर्डचे, मग पुढच्याचे, तर हात आपोआप ठोकळ्यासारखा सरकतो आणि वरची चूक होतेच.

आणखी दोन जागा अडतात. पाचव्यावरून सहाव्यावर जाताना पुन्हा शेजारचे कॉर्ड येतात: तिथे बेस प-ध आणि नि-सां वर जाऊ द्या, उरलेले दोन खाली आणा, सहाव्या कॉर्डमध्ये सा दोनदा येईल, तो येऊ द्या. दुसरी जागा म्हणजे प नि रे म वरून सा ग प. बेस प वरून सा-वर, नि सां-वर, म ग-वर आणि रे सा-वर गेला की शेवटच्या कॉर्डमध्ये तीन सा आणि एक ग उरतात, प गायब. विद्यार्थी घाबरून नि-ला ओढून प-वर बसवतात. गरज नाही. प नसला तरी कॉर्ड ओळखू येतो, ग मात्र गाळू नका. प हवाच असेल तर आधीच्या कॉर्डमधला रे गाळा आणि प दोनदा घ्या.

इथवर आलात की थांबून तपासा: दोन्ही क्लेफ अडखळल्याशिवाय वाचता येतात, कुठल्याही सा-वर सात कॉर्ड सांगता येतात, आणि वरची चार कॉर्डांची चाल सी, जी, एफ आणि डी अशा चार सा-वर लिहून, गाऊन, वाजवून झाली आहे. यातलं काही कच्चं असेल तर पुढचं पान उलटू नका.

पुढे कॅडेन्स, म्हणजे वाक्याचा शेवट. पाचवा-पहिला हा पूर्णविराम, चौथा-पहिला हा जरा मऊ शेवट, पाचव्यावर थांबणं हा स्वल्पविराम आणि पाचवा-सहावा म्हणजे पूर्णविराम अपेक्षित असताना वळण घेणं. यातली एक जागा पुस्तकं नीट उलगडत नाहीत: बेसमध्ये प, वर सा आणि ग. नाव वाचलं तर तो पहिल्या कॉर्डचा दुसरा उलट, म्हणजे त्याचा तिसरा स्वर सर्वांत खाली. ऐकलं तर तो पाचवाच कॉर्ड आहे, ज्यात सा आणि ग अजून उतरायचे राहिलेत; पुढच्याच क्षणी सा नि-वर येतो, ग रे-वर, बेस तिथेच. तो मापाच्या जोरकस मात्रेवर ठेवा आणि प दोनदा घ्या. ताना संपवून समेवर येण्याआधी गवई जसा एका स्वरावर क्षणभर अडून ओढ वाढवतो, तोच परिणाम इथे मिळतो. हा कॉर्ड वाटेत कुठेही टाकून दिला तर मात्र लंगडा वाटतो.

मायनरमध्ये अडचण एकच आहे. आसावरी थाटाचे स्वर घेतले की प वरचा कॉर्ड प, कोमल नि, रे असा मायनर होतो आणि ओढ जाते. म्हणून कॅडेन्सच्या जागी नि शुद्ध करतात. झाला हार्मोनिक मायनर, म्हणजे किरवाणीचे स्वर. त्यात कोमल ध ते शुद्ध नि अशी उडी गळ्याला अवघड, म्हणून एखादी ओळ चढतीला जात असेल तर ध-ही शुद्ध करतात आणि पटदीपचे स्वर मिळतात. तीन वेगळी स्केल पाठ करण्यापेक्षा एकच स्केल समजा, ज्यात ध आणि नि ओळीच्या दिशेप्रमाणे बदलतात.

सा बदलणं, म्हणजे मॉड्युलेशन, इथे बहुतेक भारतीय विद्यार्थी अडतात, कारण आपल्याकडे मैफल संपेपर्यंत सा हलत नाही. पण षड्जचालन, म्हणजे दुसऱ्या स्वराला सा मानून तेच स्वर पुन्हा म्हणणं, तुम्ही केलेलं असणार. तेच हत्यार इथे चालतं. पांढरी एक सा धरून बेसमध्ये सा, ध, रे, प असे चार स्वर घ्या. त्यांच्यावर कॉर्ड: सा ग प, ध सा ग, रे तीव्र म ध सा, प नि रे. आता तोच बेस पांढरी पाचला सा मानून म्हणा: म, रे, प, सा. कॉर्ड झाले चौथा, दुसरा, पाचवा, पहिला. दुसरा कॉर्ड दोन्हीकडे राहतो: जुन्या घरी सहावा, नव्या घरी दुसरा. त्यालाच पिव्हट म्हणतात. तीव्र म हा नव्या सा-चा नि आहे, म्हणून तो वरच जातो. तीच ओळ आधी जुन्या सरगमात आणि मग नव्या सरगमात गायची, आणि नेमकं कुठल्या स्वरावर तोंडातली सरगम बदलावीशी वाटते ते टिपायचं. पिव्हटवर बदलली तर कान बरोबर चाललाय. तीव्र म एकदाच डोकावून गेला आणि वाक्य पुन्हा जुन्या सा-वर संपलं, तर सा बदललेला नाही, प-ला क्षणभर महत्त्व मिळालं इतकंच. तो सेकंडरी डॉमिनंट. नव्या जागी कॅडेन्स झाल्याशिवाय मॉड्युलेशन लिहू नका. परीक्षेत इथे बरेच गुण जातात.

निआपॉलिटन, ऑगमेंटेड सिक्स्थ वगैरे कॉर्डांचं प्रकरण बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाला येतं. आत्ता त्यांच्या नादाला लागू नका.

सोबत रोज बाख या जर्मन संगीतकाराचं एक कोराल, म्हणजे चर्चमध्ये गायचं भजन, घ्या. त्याच्या चार आवाजांच्या कोरालांचा ३७१चा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १७८४ ते १७८७ या काळात छापला गेला, त्याचं स्टाफ नोटेशन इंटरनेटवर फुकट मिळतं. पूर्ण कोराल नको, पहिलं वाक्य पुरे, थांब्याच्या खुणेपर्यंत. बेस गात सोप्रानो वाजवा, मग उलट. मग कॉर्डचे आकडे लिहा. जे स्वर कॉर्डमध्ये बसत नाहीत त्यांना गोल करा. ते बहुतेक एका कॉर्डकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत लागलेले स्वर असतात. त्यालाही कॉर्ड समजून आकडा द्यायला गेलात तर तासभर एकाच मापात अडकाल.

एक मोह मात्र टाळा. लगेच अभंगांना आणि रागातल्या चिजांना कॉर्ड लावू नका. भूपात म आणि नि नाहीत, म्हणजे पूर्ण कॉर्ड दोनच, सा ग प आणि ध सा ग. ओढणारा पाचवा बनतच नाही. भैरवात प नि कोमल रे घेतलं तर पंचम अपुरा. बाहेरचा स्वर घेतलात तर राग मोडतो, न घेतलात तर हार्मनी होत नाही. हे काम होऊ शकतं आणि चांगलं झालेलंही आहे, पण त्याला दोन्ही बाजूंची पक्की समज लागते. पहिली दोन वर्षं बिलावलाच्या सरळ चाली घ्या.

शिक्षकाबद्दल. कुडाळहून थिवी किंवा करमळीला उतरून पणजी गाठता येते, तिथे कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे वर्ग आहेत. थिअरीच्या प्रवेशाची आणि वेळापत्रकाची चौकशी स्वतः जाऊन करा. रोज जाणं शक्य नसेल तर जवळच्या चर्चच्या कॉयरमध्ये बेस किंवा टेनर गायला मिळतं का बघा. सावंतवाडीकडे, गोव्यात, वर वसईकडेही मराठी-कोकणी गाणारे कॉयर आहेत. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सॉल्फेज (डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, आणि त्या तालमीतून आलेल्या सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांनी पन्नास-साठच्या दशकांत हिंदी चित्रपटगीतांतल्या व्हायोलिनांसाठी हार्मनी लिहिली. हे ज्ञान तुमच्यापासून फार लांब नाही. मांडो, म्हणजे गोव्याचं कोकणी गीत, ऐकत असाल तर त्यातला दुसरा आवाज तिसऱ्याच्या किंवा सहाव्याच्या अंतराने चालताना ऐका. दोन आवाज एकत्र ऐकण्याचा पहिला सराव म्हणून ते फार चांगलं आहे. समांतर तिसरं का चालतं आणि समांतर पंचम का नाही, हेही तिथे कानाला पटतं.

आपण कुठे पोहोचलोय ते कळण्यासाठी एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या थिअरीच्या परीक्षा आहेत. पाचवी ग्रेड म्हणजे वाचन, स्केल, स्वरांतरं आणि साधे कॉर्ड पक्के झाले. चार आवाजांचं खरं लेखन सहावीपासून. पदवीला जाण्याआधी पाचवी पूर्ण आणि सहावीचा अभ्यास निम्मा झालेला असला तर पहिल्या वर्षी दमछाक होत नाही.

वही तपासायला कुणी नसेल तर हे रोज करा. म्युझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात चार आवाज चार वेगळ्या ओळींवर लिहा. चार आवाजांच्या जोड्या सहा होतात: सोप्रानो-आल्टो, सोप्रानो-टेनर, सोप्रानो-बेस, आल्टो-टेनर, आल्टो-बेस, टेनर-बेस. एका वेळी एकच जोडी वाजू द्या, बाकीचे दोन आवाज बंद. पंचम आणि सप्तक आलं तिथे पेन्सिलने खूण करा आणि लागोपाठ दोन खुणा असतील तिथे थांबा. दोन्ही आवाज जागचे न हलता तोच स्वर पुन्हा म्हणत असतील तर दोष नाही. दोघे हलले असतील तर ती समांतर. मग प्रत्येक नि कुठे गेला आणि प नि रे म मधला प्रत्येक म कुठे गेला ते बोटाने शोधा. शेवटी एक आवाज बंद ठेवून तो स्वतः गा, बाकीचे तीन वाजू देत. आल्टो आणि टेनर असे गाताना सूर सुटला तर बहुतेक वेळा चूक गळ्याची नसते, त्या ठिकाणी लिहिलेली उडीच अवघड असते. तेवढी जागा खोडून पुन्हा लिहा आणि जोड्या पहिल्यापासून तपासा, कारण एक स्वर हलवला की तीन जोड्या बदलतात.